२१४७४८३६४७ ही इंटची मर्यादा प्राइम आहे, पण त्याने नेमका फरक काय पडतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: इंटमध्ये (३२ बिटच्या पूर्णांकात) मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७ ही प्राइम (मूळ संख्या) आहे असं सरांनी वर्गात सांगितलं, मग कॉम्प्युटरवाल्यांनी ती मुद्दाम प्राइम निवडली का, कॉम्प्युटर नसताना एवढी मोठी संख्या प्राइम आहे हे कुणी आणि कसं ठरवलं, आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्ट्रिंगच्या हॅशसाठी (अक्षरांच्या ओळीला एक आकडा देण्यासाठी) आणि रँडम नंबरसाठी हीच संख्या मॉड म्हणून (जिने भागून बाकी घ्यायची ती म्हणून) वापरली तर चालेल का. मी बरीच वर्षं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर लिहिते आणि ही संख्या माझ्या कोडमध्ये सतत येत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गाठ सोडवू. या संख्येला दोन वेगवेगळे गुण आहेत आणि वर्गात ते बहुतेक वेळा एकत्रच सांगितले जातात. पहिला गुण तिच्या आकाराचा, ती २^३१ - १ आहे, म्हणजे बायनरीत लिहिली की सलग एकतीस एक. दुसरा गुण ती प्राइम असण्याचा. काही फायदे फक्त आकारामुळे मिळतात, काही फक्त प्राइम असल्यामुळे, आणि खरी मजा जिथे दोन्ही एकत्र लागतात तिथे आहे. कुठलाही फायदा ऐकलात की हा कुठल्या गुणामुळे आला हे स्वतःला विचारायचं, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

मुद्दाम निवडली का? नाही. ३२ बिटमधला एक बिट चिन्हाकडे जातो, उरलेल्या ३१ बिटमध्ये सगळे एक भरले की २^३१ - १ येते, इतकंच. पडताळून बघायचं असेल तर शेजारचे आकार बघा. ८ बिटला मर्यादा १२७, ती प्राइम आहे. १६ बिटला ३२७६७, ती ७ × ३१ × १५१ आहे, म्हणजे प्राइम नाही. ३२ बिटला आपली संख्या, प्राइम. ६४ बिटला ९२२३३७२०३६८५४७७५८०७, आणि तिचे अवयव ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७. लाँगची, म्हणजे ६४ बिटच्या पूर्णांकाची, मर्यादा प्राइम नाही म्हणून जगात कुणाचंही काही अडलेलं नाही. १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद होतील तेव्हा जुन्या ३२ बिटच्या सिस्टिममध्ये १९७० पासून मोजलेले सेकंद नेमके २१४७४८३६४७ होणार आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ उलटं निगेटिव्हमध्ये जाणार, तो लफडाही फक्त आकाराचा, प्राइम असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

१५ आणि ६३ वर प्राइम येत नाही हा मात्र योगायोग नाही. घातांकाचे अवयव पडत असतील तर २ च्या त्या घातातून एक वजा केलेल्या संख्येचेही पडतात. ६३ ला ३ ने भाग जातो म्हणून २^६३ - १ ला २^३ - १ म्हणजे ७ ने भाग जातो, ६३ ला ७ ने भाग जातो म्हणून १२७ ने पण जातो, वरच्या यादीत दोन्ही दिसतील. म्हणून प्राइम हवी असेल तर घातांक प्राइम हवाच. पण उलटं खरं नाही हे लक्षात ठेवा, घातांक प्राइम आहे म्हणून संख्या प्राइम असेलच असं नाही. २^११ - १ = २०४७ = २३ × ८९. आणि आपल्या अगदी शेजारची २^२९ - १ = ५३६८७०९११ ही २३३ × ११०३ × २०८९ आहे. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली, त्यात ३१ बरोबर होता पण ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ हे राहून गेले. या जातीच्या प्राइमना अजूनही मर्सेन प्राइमच म्हणतात. आपली त्यातली आठवी: २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१.

आता सिद्ध कसं केलं, माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर याने हे काम केलं, १७७२ मध्ये छापून आलं. शाळेतल्या पद्धतीने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या प्राइमने भागून बघायचं, वर्गमूळ येतं ४६३४० च्या थोडं पुढे, तिथपर्यंत चार हजार सातशेच्या वर प्राइम आहेत, तेवढे भागाकार हाताने करणं म्हणजे काही महिन्यांची निश्चिती. ऑयलरने त्याऐवजी असा विचार केला की भाग जाणारच असेल तर तो कुठल्या प्रकारच्या संख्येने जाऊ शकतो?

समजा क या प्राइमने २^३१ - १ ला भाग गेला. म्हणजे क ने भागल्यावर २^३१ ची बाकी १ येते. आता २, ४, ८, १६ असे २ चे घात घेत जा आणि दरवेळी क ने भागून बाकी लिहा, या बाक्या कधीतरी फिरून १ वर येतात आणि परत तेच चक्र चालू होतं. ३१ व्या घाताला १ आली म्हणजे चक्राच्या लांबीने ३१ ला भाग जायला हवा, ३१ प्राइम आहे, म्हणजे लांबी १ किंवा ३१. लांबी १ असेल तर २ ची बाकीच १ आली पाहिजे, ते शक्य नाही. म्हणजे लांबी नेमकी ३१. आता फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की प्राइम क साठी या चक्राच्या लांबीने क - १ ला भाग जातोच. म्हणून क - १ ही ३१ च्या पाढ्यात, क विषम असल्यामुळे २ च्या पाढ्यात पण, म्हणजे क ही ६२ च्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा एकने जास्त. वरच्या उदाहरणात हेच बघा, ११ साठी २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १, आणि २९ साठी २३३ म्हणजे २९ × ८ अधिक १. प्रत्येक अवयव नियम पाळतो.

दुसरी चाळणी अशी की २^३१ ची बाकी १ तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे क च्या हिशोबात २ ही कुणाचा तरी वर्ग आहे, आणि हे फक्त अशाच प्राइममध्ये होतं ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायलाच हवी, बाकी सगळे बाद.

४६३४० पर्यंत अशा संख्या किती? ६३ स्वतः, मग २४९, ३११, ४९७, ५५९, असं करत एकूण ३७३. त्यातली ६३ तर उघडच प्राइम नाही, राहिल्या ३७२. २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने, त्या पण बाद. सुरुवातीला टिकतात त्या ३११, १३०३, १४८९. अशा शेवटपर्यंत गाळत गेलात तर खऱ्या प्राइम साधारण ऐंशीच्या आसपासच उरतात. पहिला भागाकार करून बघा, ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५, भाग जात नाही. असंच पुढे. दोन-तीन संध्याकाळी वही घेऊन बसलात तर तुम्ही स्वतः हे पूर्ण सिद्ध करू शकता, आणि एकदा तरी निम्मं तरी करा असं मी मनापासून सांगेन, कारण हजारो भागाकारांचं काम ऐंशीवर कसं येतं हे हाताने केल्यावरच अंगात भिनतं. ऑयलरनंतर पाऊणशे वर्षांहून जास्त काळ यापेक्षा मोठी प्राइम कुणाच्याच हातात नव्हती.

आजच्या पद्धतीने मात्र भागाकाराची गरजच नाही. लुकासने एकोणिसाव्या शतकात कल्पना मांडली आणि लेमरने १९३० च्या सुमारास ती सोपी केली, तीच चाचणी आजही वापरतात. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या, परत तेच. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, इथपर्यंत संख्या आपल्या मर्यादेत आहे, पुढे बाकी घ्यायला लागते. २^३१ - १ साठी हे २९ वेळा करायचं, शेवटी शून्य आलं तर प्राइम, नाही आलं तर नाही, दोन्ही बाजूंनी पक्कं. आपल्या बाबतीत अठ्ठाविसाव्या पायरीला ६५५३६ येतं. आता ६५५३६ म्हणजे २^१६, त्याचा वर्ग २^३२, त्याची बाकी २, त्यातून २ वजा, शून्य. छोट्या संख्येवर हाताने करायचं असेल तर ३१ घ्या: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६४ वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य, तीन पायऱ्यांत काम झालं. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ - १ या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांच्या प्राइमची खात्रीसुद्धा याच चाचणीने केली, फक्त तिथे एकेक वर्ग करणंच भलंमोठं काम असतं.

इथे एक प्रॅक्टिकल धोका सांगून ठेवते कारण नवीन लोकांच्या कोडमध्ये तो नेहमी दिसतो. प्राइम आहे का बघायला लोक फर्माची चाचणी लिहितात (बेस म्हणून एक संख्या घ्यायची, तिचा तपासायच्या संख्येहून एकने कमी इतका घात घ्यायचा आणि बाकी १ येते का बघायचं) आणि बेस २ घेतात. २^न - १ जातीच्या संख्यांसाठी बेस २ निव्वळ निरुपयोगी आहे, कारण घातांक प्राइम असला की संख्या प्राइम असो वा नसो ती बेस २ ची चाचणी पास होतेच. २०४७ पास होते, आणि ती तर २३ × ८९ आहे. मिलर-राबिन ही तिचीच कडक आवृत्ती लिहिलीत तरी फक्त बेस २ ठेवला तर २०४७ सुटतेच. ३२१५०३१७५१ च्या खालच्या संख्यांना २, ३, ५, ७ हे चार बेस घेतले की उत्तर शंभर टक्के खात्रीचं असतं, आपली संख्या त्यात बसते. अर्थात एवढ्या आकाराला साधा वर्गमूळापर्यंतचा लूप पण आजच्या मशीनवर डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो, त्यामुळे फक्त याच संख्येची खात्री हवी असेल तर साधा लूप लिहा आणि मोकळे व्हा.

आता प्राइम असण्याचा उपयोग. एखादी प्राइम मॉड घेऊन भागाकाराच्या बाक्यांचं गणित केलं की शून्य सोडून प्रत्येक संख्येने भागाकार करता येतो, म्हणजे प्रत्येकीचा व्यस्त असतो. प म्हणजे ती प्राइम; अ चा व्यस्त हवा तर अ चा घात (प - २) घ्या, फर्मा परत कामाला येतो. २^३१ वर हे जमत नाही, तिथे सगळ्या सम संख्या अडतात. १८११ मध्ये बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने या प्राइमपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःहून लहान भाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते ती संख्या), म्हणजे २^३० × (२^३१ - १) = २३०५८४३००८१३९९५२१२८ बद्दल लिहिलं होतं की यापेक्षा मोठी बहुधा कधी सापडणार नाही, कारण या गोष्टी कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. त्या परिपूर्ण संख्येचा उपयोग मला आजही माहीत नाही, पण त्या प्राइमचा उपयोग मी रोज करते.

रँडम नंबर घ्या. जुनी पद्धत अशी की आधीच्या संख्येला एका ठराविक गुणकाने गुणायचं, मॉड घ्यायचा, तीच पुढची संख्या. मॉड २^३१ ठेवला तर हिशोब फुकटात होतो पण खालचे बिट अगदी भिकार येतात. रँडू नावाचा एक जनरेटर होता, मॉड २^३१ आणि गुणक ६५५३९, तो १९६० आणि ७० च्या दशकात भरपूर वापरला गेला. त्याच्यात सलग तीन संख्या घेतल्या की तिसरी म्हणजे दुसरीच्या सहापटीतून पहिलीची नऊपट वजा, कायम. तीन मितीत बिंदू मांडले तर ते फक्त पंधरा समांतर पातळ्यांवर बसतात. सिम्युलेशनसाठी हे विषच.

मॉड प्राइम घेतला की वेगळं होतं. शून्य सोडून २१४७४८३६४६ संख्या उरतात, आणि गुणक नीट निवडला तर एकही न गाळता, एकही परत न येता सगळ्याच्या सगळ्या एका चक्रात फिरून येतात. नीट निवडला म्हणजे प्रिमिटिव्ह रूट निवडला. कुठला? २ अजिबात नाही, २ चं चक्र इथे फक्त ३१ लांबीचं आहे, २^३१ ची बाकी १ आहे हे आपण वर बघितलंच. सगळ्यात लहान प्रिमिटिव्ह रूट ७ आहे. पण ७ ने गुणून लहान संख्या लहानच राहतात, म्हणून ७ चा पाचवा घात १६८०७ घेतात. पाचवाच घात चालतो का? प - १ चे अवयव बघा: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. यात ५ नाही, म्हणून ७ चा पाचवा घात पण पूर्ण चक्र देतो, तिसरा घात घेतला असता तर चक्र एक तृतीयांश झालं असतं. एकूण प्रिमिटिव्ह रूट ५३४६००००० आहेत, म्हणजे जवळपास दर चौथी संख्या. हा १६८०७ वाला जनरेटर १९६९ मध्ये आयबीएमच्या मशीनसाठी आला, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान एवढं तरी चांगलं हवं म्हणून तो सुचवला, आणि सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत तो आजही आहे. तुम्ही स्वतः लिहिलात तर तपासायचा उपाय सोपा, १ पासून सुरू करून दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५ आली पाहिजे.

त्या काळी ३२ बिटमध्ये गुणाकार मावायचा नाही, म्हणून श्रागेची युक्ती वापरायचे, २१४७४८३६४७ = १६८०७ × १२७७७३ + २८३६ असं फोडून. आज लाँगमध्ये गुणाकार करा, सरळ मावतो.

आता दोन्ही गुण एकत्र येतात ती जागा. नऊने भागल्यावरची बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो, कारण १० ची बाकी १ येते. इथे अगदी तेच, २^३१ ची बाकी १ येते. म्हणून ६२ बिटचा गुणाकार आला की खालचे ३१ बिट आणि वरचे ३१ बिट यांची बेरीज करायची, भागाकार करायचाच नाही. उदाहरण म्हणून १०००००००००० घ्या, त्यात २^३१ चार वेळा जाते आणि १४१००६५४०८ उरतात, दोन्हींची बेरीज १४१००६५४१२, हीच २१४७४८३६४७ ने भागल्यावरची बाकी. प्राइम असल्याने गणित धड राहतं आणि आकारामुळे ते स्वस्तात पडतं, म्हणून ही संख्या इतकी लाडकी आहे. १००००००००७ पण प्राइम आहे, कोडिंग स्पर्धांमध्ये सगळीकडे तीच असते, पण तिला अशी वरच्या बिटची खालच्या बिटवर घडी घालायची सोय नाही.

वर्गमूळाचं पण असंच. प + १ भागिले ४ म्हणजे २^२९, त्यामुळे एखाद्या संख्येचं या मॉडखालचं वर्गमूळ हवं असेल तर तिचा फक्त २९ वेळा वर्ग करत जायचं. वर्गमूळ अस्तित्वात असेल तर ते हातात येतं, नसेल तर उत्तराचा वर्ग करून बघितला की मूळ संख्येऐवजी तिची ऋण संख्या येते, लगेच कळतं.

काही कामांना ती चालत नाही हे पण सांगायला हवं. मोठ्या बहुपदींचा गुणाकार वेगाने करायला जे एनटीटी (नंबर थिओरेटिक ट्रान्सफॉर्म) वापरतात, त्यासाठी प - १ ला २ च्या मोठ्या घाताने भाग जायला हवा. इथे प - १ ला फक्त एकदाच २ ने भाग जातो. म्हणून तिथे ९९८२४४३५३ वापरतात, ती ११९ × २^२३ + १ आहे. पण प + १ मात्र पूर्णच्या पूर्ण २^३१ आहे, आणि अलीकडे लोकांनी त्याचाच फायदा उठवला. या मॉडखाली क्ष चा वर्ग अधिक य चा वर्ग बरोबर १ याची उत्तरं मोजली तर ती नेमकी प + १ येतात. ७ वर हाताने मोजून बघा: क्ष १ किंवा ६ आणि य शून्य, तसंच उलटं, ही चार, आणि दोन्ही जागी २ किंवा ५, ही आणखी चार, कारण ४ + ४ = ८ ची बाकी १. एकूण आठ. आपल्या प्राइमवर असे २^३१ बिंदू आणि ते अर्ध्या अर्ध्याने विभागत जाता येतात, म्हणजे एनटीटीसारखं काम वर्तुळावर करता येतं. २०२४ मध्ये आलेल्या सर्कल स्टार्क नावाच्या प्रूफ पद्धती (हिशोब बरोबर केल्याचा पुरावा देणाऱ्या) यावरच उभ्या आहेत. अडीचशे वर्षांपूर्वी ऑयलरने तपासलेली संख्या आज ब्लॉकचेनच्या कोडमध्ये आहे, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: मर्यादा म्हणून ती फक्त आकारामुळे आली, भागाकार आणि पूर्ण लांबीचं चक्र प्राइम असल्यामुळे मिळतं, स्वस्तातला मॉड आकारामुळे, आणि वापरण्याजोगी होते ती दोन्ही जुळल्यामुळे.

आता तुमचा प्रोजेक्ट. हॅशसाठी चालेल का हे स्ट्रिंग किती आहेत त्यावर आहे. फक्त दोन स्ट्रिंग ताडायच्या असतील आणि बेस (ज्याच्या घातांनी अक्षरांचे आकडे गुणून बेरीज, म्हणजे बहुपदी, करतो ती संख्या) रनटाइमला रँडम निवडला असेल, तर चूक होण्याची शक्यता लांबी भागिले प इतकीच, कारण प्राइम मॉडखाली बहुपदीला तिच्या घातापेक्षा जास्त मुळं नसतात. हजार अक्षरांना ते पुरेपूर चांगलं आहे. पण सगळ्या स्ट्रिंग एकमेकींशी ताडायच्या असतील तर गणित बदलतं. पंचावन्न हजारांच्या आसपास वेगळ्या स्ट्रिंग झाल्या की कुठेतरी टक्कर (दोन वेगळ्या स्ट्रिंगना एकच हॅश) होण्याची शक्यता निम्मी होते, आणि एक लाख झाल्या तर सरासरी दोन-तीन जोड्या आदळतात. तिथे २^६१ - १ घ्या, ती पण प्राइम आहे, पर्वुशिनने १८८३ मध्ये सिद्ध केलेली, घडीची युक्ती तीच, फक्त गुणाकाराला १२८ बिट लागतात. बेस कोडमध्ये कायमचा लिहून ठेवू नका, कुणी मुद्दाम टक्कर देणाऱ्या स्ट्रिंग बनवू शकतो.

रँडमसाठी माझं मत स्पष्ट आहे, शिकायला जरूर लिहा, खऱ्या सिम्युलेशनला वापरू नका. दोनशे चौदा कोटींचं चक्र आजचं मशीन काही सेकंदांत संपवतं, त्यानंतर सगळं परत तेच. पायथनमध्ये डिफॉल्टला मर्सेन ट्विस्टर असतो, त्याचं चक्र २^१९९३७ - १, तीही मर्सेन प्राइमच, तो वापरा. पासवर्ड, टोकन, ओटीपी यांच्यासाठी तर या दोन्हींपैकी काहीच नको, एक आउटपुट दिसला की १६८०७ वाल्याचा पुढचा प्रत्येक आकडा कुणीही काढतो, ट्विस्टरचाही पुरेसे आउटपुट मिळाले की काढता येतो. आणि क्रिप्टोग्राफीत ही संख्या प म्हणून घ्यायचा मोह झाला तर वरचे प - १ चे अवयव आठवा, सगळ्यात मोठा फक्त ३३१ आहे, म्हणजे डिस्क्रीट लॉग (बाकीवरून लपवलेला घातांक उलटा शोधणं) तुकड्या तुकड्याने सहज निघतो.

कोड लिहिताना दोन ठिकाणी सांभाळा. घडी घातल्यावर बेरीज ३२ बिटच्या साइन्ड इंटमध्ये ठेवू नका, ती इंटच्या बाहेर जाऊ शकते, लाँगमध्येच ठेवा आणि २१४७४८३६४७ एवढी किंवा जास्त आली तर एकदा वजा करा. एवढी म्हणजे बरोबर तेवढी आली तरी वजा करायचीच, नाहीतर शून्य दोन रूपांत फिरत राहतं आणि दोन सारखे हॅश वेगळे दिसतात. दुसरं, जनरेटरचा सीड (सुरुवातीची संख्या) शून्य किंवा या संख्येच्या पटीत नसल्याची खात्री करा, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच येणार.

तुमच्याकडे साधारण किती स्ट्रिंग असतील आणि बेस सध्या कसा निवडताय तेवढं कळवा, मग ३१ पुरेल की ६१ वर जायला हवं ते नक्की सांगता येईल.